टाकीवाल्याचा रिकामा फुगा

बातमी आली तेव्हा मी माहेरी होते, उत्तनजवळच्या चौक गावात, आयच्या ओट्यावर बसून बोंबील साफ करत होते. फोन वाजला, पण हात घाण, म्हणून आयनेच तो स्पीकरवर टाकला. आमच्या बिल्डिंगमधल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या जागृतीबेन. या बाईंचा फोन म्हणजे आधी पाणी किती वाजता आलं नि किती वाजता गेलं त्याचा अहवाल, मग कामाचं. त्या दिवशी पाण्याचा विषयच नाही. म्हणाल्या, "टीचर, मिलिंदभाई गया." आणि मी, जन्मभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडलेली मी, विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. दुकान सोडून मिलिंद कुठे जाईल हे डोक्यातच शिरेना... पलीकडे जागृतीबेनना रडू फुटलं, तेव्हा कळलं.

मिलिंद म्हणजे भाईंदरच्या जेसल पार्कातल्या आमच्या बिल्डिंगखालचा झेरॉक्सवाला. दुकान तळमजल्यावर, घर पहिल्या मजल्यावर, मधे जिन्याच्या चौदा पायऱ्या. जेवायला वर जायच्या आधी स्टुलावर बसल्या बसल्या गेला, हातात पेन्सिल होती. त्याची बायको सुनंदा मशीनवर कोणाचं तरी रेशनकार्ड काढत होती, तिला वाटलं डुलकी लागली असेल. त्याला आता पाच आठवडे झाले. इतक्या साध्या सरळ रीतीने गेला की त्याच्यावर रागावतासुद्धा येत नाही, आणि मला रागवायची तर भारी सवय.

पण हे लिहायला बसले ते रडगाणं गायला नाही. दुःख आहे, खूप आहे, उगाच कशाला लपवू? पण कारण वेगळं आहे. मिलिंदच्या टेबलावर आठ पानं सापडली. सगळी चित्रं पूर्ण आणि सगळे फुगे रिकामे. फुगे म्हणजे कॉमिकमधल्या माणसाच्या तोंडाजवळ काढतात ना, तो काय बोलतो ते लिहायला, ते. हे फुगे भरणं हे गेली वीस वर्षं माझं काम. तो चित्रं काढायचा, मी त्यांना बोलतं करायचे. आणि चित्रात नेमकं काय चाललंय हे तो मला कधीही, मेला तरी सांगायचा नाही. (बघा, जीभ कशी घसरते.) मी चुकीचं लिहिलं तर नंतर हसून सांगायचा. आता नंतर सांगणारा नाही. आणि एकदा मी अशी चुकले होते की आमच्या नायकाचा जीव गेला होता.

सुरुवातही चुकीनेच झाली. सहावीच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मी झेरॉक्सला दिली होती. मिलिंदने त्याच दिवशी स्वतःच्या एका चित्राच्या कॉपी काढून बघितल्या होत्या. तो गठ्ठा ट्रेमध्ये तसाच राहिला आणि माझी प्रश्नपत्रिका नेमकी त्याच्या पाठीवर छापली गेली. मी काही तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात वाटून मोकळी. पंधरा मिनिटांत अशी शांतता पसरली की मला वाटलं, चला, या वर्षी पोरं अभ्यास करून आली. एकेकाची मान खाली, पेन सरसर चाललेलं. पेपर गोळा केले तर प्रश्नांची बाजू कोरी नि मागची बाजू भरगच्च! मागे चित्र होतं. बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीवर कमरेवर हात ठेवून उभा एक माणूस, गळ्याला चादर बांधलेली, खाली बादल्यांची रांग. आणि चार रिकामे फुगे. ते सगळे माझ्या पोरांनी भरले होते.

मी तो गठ्ठा घेऊन भांडायलाच खाली उतरले. मिलिंदने माफी वगैरे काही मागितली नाही. गिऱ्हाइकं उभी असताना एक एक पेपर हातात घेऊन वाचत सुटला, हसता हसता डोळे पुसायला लागला. एकाने लिहिलं होतं, 'मी वरून सोडतो, तुम्ही खालून भांडू नका.' एका मुलीने त्याला नुसतं 'टाकीवाला' म्हणून हाक मारली होती, आणि तिच्या शेजारच्या तिघींनी अर्थातच तिचं बघून तेच लिहिलं होतं. नाव पडलं ते असं, कॉपी करून. मी म्हटलं, मिलिंद, माझी परीक्षा वाया गेली. तो म्हणाला, "बाई, मला चित्र सुचतं, बोलणं सुचत नाही. तुम्ही लिहाल का?" मी भांडायला गेले होते. येताना त्याची चार पानं घेऊन आले.

मिलिंद मूळचा नांदेडकडचा. विशीत इकडे आला तो काशीमीऱ्याच्या एका गोदामात रद्दी उतरवायला. त्या गठ्ठ्यांत परदेशी कॉमिक्स यायची. इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत नुसती चित्रं बघायचा आणि गोष्ट स्वतःच जुळवायचा. त्यामुळे त्या जगप्रसिद्ध वीरांच्या त्याच्या डोक्यातल्या गोष्टी काही भलत्याच होत्या. तोंडाला फडकं बांधून भिंतीवर चढणारा एक वीर त्याला कितीतरी दिवस रंगकाम करणारा वाटला होता. मला हे सांगताना त्याला जराही लाज वाटली नाही. म्हणाला, रंगवणाराच असता तरी मला तो आवडलाच असता, बारा मजले दोरीवर लटकायला काय कमी हिंमत लागते?

त्याचं एक म्हणणं होतं आणि ते तो दुकानात येईल त्याला ऐकवायचा. जुने देव डोंगरावरचे, नदीकाठचे. माणसं उंच बिल्डिंगांत राहायला गेली तेव्हा त्यांच्या पोरांना वाचवायला तिथे कोण येणार? म्हणून तिकडच्या लोकांनी बिल्डिंगवरून उड्या मारणारे नवे काढले. आता आपलंही गाव बिल्डिंगांचं झालं, मग आपला कुठाय? मी त्याला डिवचायला म्हटलं की बाबा रे, आपल्याकडे देवांची काही टंचाई नाही, त्यात तू अजून एकाची भर कशाला घालतोस? तो हसला. मग कॉपी मोजता मोजता म्हणाला, "आमच्या गावात देव होते, बाई, पण आम्ही ते लांबून बघायचे. बाबांनी बुद्धाचा फोटो आणला आणि तो विषय मिटला. हा मी देव नाही काढलेला. हा जवळचा काढलाय." त्याच्या आवाजात कडूपणा नव्हता, पण त्यानंतर त्या बाबतीत मी त्याला कधी चिडवलं नाही.

सण आला की, नाहीतर मिलिंदला लहर आली की, टाकीवाल्याचा आठ पानी अंक निघायचा. आणि मग बिल्डिंगच्या सूचना! उंटावरून शेळ्या हाकायला आमच्याकडे माणसांची कमतरता कधीच नव्हती. जागृतीबेनचा आग्रह की त्याने सूर्यास्तानंतर खायचं नाही. झालं, तेव्हापासून टाकीवाला संध्याकाळनंतरच्या सगळ्या मारामाऱ्या उपाशीपोटी करायला लागला. आय म्हणाली, पाण्यातला मानूस आणि पोहता येत न्हाय? मग त्याला उत्तनच्या समुद्रात बोटीमागे पोहायला लावलं. सेक्रेटरीसाहेबांनी तर गंभीर चेहरा करून विचारलं की हा जो टाकीवर राहतो, तो ओनर की भाडेकरू? मिलिंद सगळ्यांचं ऐकायचा. एकच गोष्ट त्याने ऐकली नाही. नवीन माणूस अंक वाचला की हमखास विचारायचा, याचं आडनाव काय? मिलिंद म्हणायचा, आडनाव लावलं की तो एका घरचा होतो, मग दुसऱ्या घरचं पाणी कोण सोडणार? आणि तो मारामारीत कोणाला मारायचा नाही, हेही मिलिंदचंच. समोरचा दमेपर्यंत नुसता चुकवत राहायचा. मला ते फुगे भरताना नाकी नऊ यायचे, कारण मारामारीत 'आई गं' म्हणायलाही कोणी नाही.

सगळ्यात आनंदाचा दिवस सांगते. मिलिंद आणि मी काशीमीऱ्याहून कागदाची रिमं घेऊन रिक्षाने येत होतो. रिक्षावाला भैया बोलका. आमच्या पायाशी कागद बघून म्हणाला, "मैडम, टंकीवाले का किस्सा मालूम है?" आणि त्याने आम्हाला गोष्ट सांगितली. मीरारोडच्या एका बिल्डिंगची लिफ्ट म्हणे मधेच अडकली, आत एक बाई बाळंत व्हायला आलेली, आणि टंकीवाल्याने लिफ्ट खांद्यावर घेऊन जिन्याने चढवली. लिफ्ट, जिन्याने! हे आम्ही कधीच काढलं नव्हतं, लिहिलं नव्हतं. मी तोंड उघडणार तोच मिलिंदने माझा हात दाबला. अगदी साळसूदपणे विचारलं, फिर क्या हुआ? मुलगी झाली, भैया म्हणाला, हमारे भाई के पड़ोस में रहती है. उतरल्यावर हा पन्नाशीचा माणूस रिमं डोक्यावर घेऊन भर रस्त्यात नाचला. म्हणाला, "बाई, सुटला तो आपल्या हातातून!" एखाद्याला वाटलं असतं, आपली गोष्ट कोणीतरी पळवली. याला वाटलं, पोरगं चालायला लागलं. पुढच्या अंकात त्याने लिफ्टची गोष्ट काढली आणि पहिल्या पानावर त्या रिक्षाचं चित्र टाकलं.

आता माझी ती चूक. मिलिंदने एक अंक काढला, त्यात हायवेवर ब्रेक फेल झालेला ट्रक टाकीवाला दोन हातांनी थोपवतो. शेवटच्या चित्रात तो डिव्हायडरवर आडवा, चादर डोक्यावरून ओढलेली, भोवती माणसं गोळा झालेली. तुम्हीच सांगा, चादर डोक्यावरून ओढलेली म्हणजे काय समजायचं? मी रडत रडत फुग्यात लिहिलं, 'गेला आपला माणूस.' मिलिंद तेव्हा पुतणीच्या लग्नाला नांदेडला गेलेला. मी पानं सुनंदाला दिली, तिने छापली, अंक घरोघर गेला. बिल्डिंगमध्ये सुतकी कळा आली. जागृतीबेननी त्या दिवशी गोड केलं नाही. आणि आय... आयची तर कमालच. रविवारी मी चौकच्या चर्चमध्ये मिस्साला बसले होते. फादर नेहमीप्रमाणे ज्यांच्यासाठी मिस्सा आहे त्या मृतांची नावं वाचत होते, आणि दोन-तीन नावांनंतर त्याच गंभीर आवाजात म्हणाले, "आणि टाकीवाला, भाईंदर."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आयने यादीत नाव दिलं होतं. बाहेर पडल्यावर चार बायका तिच्याभोवती, कोणाचा गं तो, कसा गेला? आणि आय डोळे टिपत सांगतेय, ट्रक थांबवताना गेला. एक म्हातारी तर स्फुंदत होती. मी आयला बाजूला घेऊन झापायला सुरुवात केली, की अगं, तो कागदावरचा माणूस, त्याची कसली मिस्सा! आयने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सहा वर्षांची झाले. म्हणाली, "पोरी, सगल्यांसाठी धावला तो. त्याचा नाव द्याला दुसरा कोन हाय?"

मिलिंद परत आला तेव्हा मी हे सगळं त्याला जिन्यातच सांगितलं. तो पायरीवर बसून पोट धरून हसला. "बाई, तो झोपला होता हो! उजेड डोळ्यांवर येतो म्हणून चादर घेतली तोंडावर. मी पण तसाच झोपतो, सुनंदाला विचारा." मग हसणं थांबलं. म्हणाला, माझ्या माणसासाठी तुमच्या देवळात प्रार्थना झाली... अजून काय पाहिजे? आता त्याला परत कसं आणायचं यावर बिल्डिंगमध्ये आठवडाभर खल झाला. आयचं मत, तिसऱ्या दिवशी उठतो. जागृतीबेनचं मत, नवा जन्म, चांगल्या घरात. मिलिंदने सगळ्यांना शांतपणे सांगितलं की जो मेलाच नाही त्याला आणायचं कुठून? पुढच्या अंकाच्या पहिल्याच चित्रात टाकीवाला आळस देत उठून बसला, आणि मी मुकाट्याने लिहिलं, 'रडताय काय? चहा ठेवा.' त्यानंतर मी कानाला खडा लावला, विचारल्याशिवाय एक फुगा भरणार नाही. पण विचारलं की मिलिंद म्हणायचा, सांगितलं तर तुम्ही माझं लिहाल, मला तुमचं पाहिजे.

तर आता ही आठ पानं. पहिली सात मी दोन दिवसांत भरली, आणि खोटं कशाला बोलू, भरताना हसले. त्यात टाकीवाला सोसायटीच्या मीटिंगला येतो आणि भांडण मिटवता मिटवता स्वतःच सेक्रेटरी म्हणून निवडून येतो. लोकांना वाचवणारा हा वीर मग तीन पानं गच्चीची किल्ली शोधत फिरतो. असलं मिलिंदलाच सुचावं. पण आठवं पान उलटलं आणि माझा हात थांबला. पूर्ण पानभर एकच चित्र. गच्ची, टाकी, दोरी, दोरीवर टाकीवाल्याची चादर. टाकीवर कोणी नाही. एक मोठा फुगा आहे, पण त्याचं शेपूट कोणाच्या तोंडाशी जात नाही, पानाच्या कडेपर्यंत जाऊन बाहेर पडतं. बोलणारा पानातच नाही.

मी पान घेऊन आयकडे गेले. आय आता अठ्ठ्याऐंशीची आहे, तिने ते डोळ्यांजवळ धरलं आणि लगेच सांगितलं, सरगात गेला, तिथून बोलतोय. जागृतीबेननी चष्मा न लावताच निकाल दिला की चादर सोडली म्हणजे संसार सोडला, त्याने दीक्षा घेतली. एवढं बोलून त्यांनी चित्रालाच हात जोडले. सुनंदा म्हणाली, बाई, त्यांना भूक लागली असेल, माणूस काढायचा राहिला असेल, जेवून काढू म्हणाले असतील. तिघींचं खरं वाटत होतं. आणि मला तर सरळ भीती वाटत होती. मी 'गेला' लिहिलं आणि मिलिंदच्या मनात ते नसलं, तर? आता पायरीवर बसून हसणारा कोणी नव्हता. आणि खोटं खोटं 'आहे' लिहिलं, तर ते नुसतं शाळेतल्या बाईचं समजूत घालणं झालं असतं, पोराचं पेन हरवलं की घालतो तशी. मला त्याला दुसऱ्यांदा मारायचं नव्हतं. टाकीवाल्याला, आणि मिलिंदलाही. चार आठवडे ते पान माझ्या पिशवीत फिरलं.

परवा सुनंदा म्हणाली, दुकानात येऊन बसत जा, मला एकटीला मशीनचा आवाज मोठा वाटतो. मी जाऊन बसले, त्याच्याच स्टुलावर. दुपारचं ऊन थेट टेबलावर येतं तिथे, एवढा उजेड माझ्या घरात कुठे? पान काढून समोर ठेवलं. चादरीच्या खाली काही बारीक ठिपके होते. इतके दिवस मला ते पेन्सिलचा भुगा वाटत होते, दोनदा मी ते फुंकरून उडवायलाही गेले होते. उडाले नव्हते. त्या उजेडात नीट बघितलं. थेंब होते. चादरीच्या कोपऱ्यातून टपकणारे थेंब, खाली गच्चीवर छोटंसं ओलं, आणि चादरीला दोन चिमटे. एक चिमटा तर तुटका, एका पायाचा, अगदी आमच्या गच्चीवर असतात तसला. इतकं बारीक काढून ठेवलं होतं माझ्या मिलिंदने, आणि मी बाई स्वर्ग नि दीक्षा करत बसले होते!

मी मोठ्याने हसले. सुनंदाने दचकून बघितलं. अगं, मी म्हटलं, धुतलीय ती! आत्ताच धुतलीय! जाणारा माणूस चादर धुऊन, पिळून, चिमटे लावून वाळत घालतो का कधी? त्याला काहीही कळलेलं नव्हतं, सुनंदा. त्या दिवशी तो उद्याचंच काढत होता... आणि मग आम्ही दोघी रडलो, गिऱ्हाईक आधारकार्ड हातात धरून अवघडून उभं असताना. मग मी पेन काढलं. कोणाला विचारलं नाही. चुकलं असेल तर चुकलं. एवढ्या मोठ्या फुग्यात मी मधोमध चारच शब्द लिहिले:

'चादर वाळली की येतो.'

सुनंदाने पान हातात घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं. पदराने मशीनची काच पुसली, पान पालथं ठेवलं, झाकण लावलं आणि बटणावर बोट ठेवून मला विचारलं, "बाई, किती काढू?"

मी म्हटलं, "कागद संपेपर्यंत काढ."